फुलसिंगाच्या घरचं पाणी

माझ्या बापानं एका वर्षात दारू सोडली, बिडी सोडली आणि देवीपुढं कापलेल्या बकऱ्याचं मटणसुद्धा सोडलं. पण फुलसिंगकाकाचा राग सोड म्हटलं की तो अडेल बैलासारखी मान वाकडी करायचा. येशूच्या मागं निघालेला माणूस असा एका चुलत भावापाशी येऊन अडून बसला होता.

आमचा तांडा सेनगावच्या पलीकडं माळावर आहे. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो. तिच्यात बापाला बा म्हणतात आणि आईला याडी. हे दोन शब्द मी तसेच ठेवते, बाकी सगळं मराठीत सांगते. माझा बा म्हणजे भावसिंग, याडी म्हणजे जिवनबाई, आणि मी त्यांची उशिरा झालेली एकुलती एक पोरगी, संगिता. तेव्हा मी आठवीत होते आणि तोंडाळ होते. तोंडाळ अजूनही आहे.

भांडणाचं मूळ आधी सांगते. तांड्यात पहिला मान नाईकाचा, दुसरा कारभाऱ्याचा. बकरं कापलं की पळसाच्या पानांवर वाटे लागतात, आणि आमच्या तांड्यात काळीज कारभाऱ्याच्या पानावर जातं. बाचे आजोबा कारभारी होते. ते चौऱ्याऐंशी साली वारले. त्यांचे दोन्ही मुलगे त्यांच्या आधीच गेलेले, म्हणून मागं उरले दोन नातू, एका मुलाचा माझा बा आणि दुसऱ्याचा फुलसिंगकाका. पुढच्याच सणाला सेवा नाईकानं काळीज हातात धरून विचारलं, "आता हे कोणाच्या पानावर?" दोघांनी एकदमच पानं पुढं केली. ओढाताणीत काळीज मातीत पडलं आणि नाईकाच्याच कुत्र्यानं ते पळवलं.

मग दोघं भर तांड्यात एकमेकांवर ओरडले. बा म्हणाला, "तुझ्या घरचं पाणी पिलो तर तूच कारभारी!" काका म्हणाला, "आन् म्या तुझ्या घरचं पिलो तर तू!" नाईकानं दोघांचे हात एकमेकांत देऊन ती आण पक्की केली.

आमच्याकडं आण म्हणजे आण. पंधरा वर्षं दोघांनी एकमेकांच्या घरचं पाणी ओठाला लावलं नाही, आणि पंधरा वर्षं तांड्याला कारभारी नव्हता. दर बकऱ्याला दोन्ही वाटे नाईकाच्याच पानावर जात. नाईकाला हे भांडण मिटवायची घाई का नाही, असं मी एकदा त्याच्या तोंडावर विचारलं होतं. घरी येऊन त्याबद्दल मार खाल्ला.

सोमेश्वर पास्टर हट्टा गावचे. पास्टर नंतरचे, मूळ धंदा फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचा. सेनगावच्या बाजारात एका लिंबाखाली गोणपाट टाकून बसायचे. अठ्ठ्याण्णव साली कापसाच्या ऐन फवारणीत बाचा पंप बिघडला, तो घेऊन बा त्यांच्याकडं गेला. पंप खोलता खोलता पास्टर गाणं गुणगुणत होते, आणि बाला गाण्याचा भारी नाद. पुढचे तीन बाजार बा चांगला चालणारा पंप पाठीला बांधून तिथं जात राहिला. तिसऱ्या बाजारी पास्टर म्हणाले, "भावसिंगभाऊ, पंपाला काही झालं न्हाई. तुमाला काय झालंय ते सांगा."

बानं काय सांगितलं ते मला आजवर माहीत नाही. त्या दिवशी तो न पिता घरी आला, आणि याडीनं त्याच्या तोंडाचा दोनदा वास घेतला.

बाला वाचता येत नव्हतं. पास्टरांनी दिलेलं बारकं पुस्तक रोज दिवस मावळताना मी वाचायची आणि तो समोर बसून ऐकायचा. मला वाटलं, चार दिवसांचं वेड असेल. पण बा बदलत गेला. शिवी त्याच्या तोंडात यायची आणि तो ती गिळायचा. गिळताना गळ्याची घाटी वरखाली होताना दिसायची. तांड्यातले त्याला हसायचे, "भावसिंगनं बकरं सोडलं, आता गवत खाईल," म्हणायचे, आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा. मी लहानपणापासून बाच्या पावलांचा आवाज ऐकून ताट उचलून आत पळणारी पोरगी. त्या वर्षी मी त्याच्या पंक्तीला बसून जेवायला लागले. येशूबद्दल मला तेव्हा दुसरं काही कळत नव्हतं, पण याबद्दल मी त्याची फार ऋणी होते.

मग होळीच्या महिनाभर आधी ते पान आलं. देवाला काही वाहायला गेलास आणि तिथं गेल्यावर आठवलं की भाऊ आपल्यावर रुसलेला आहे, तर वाहायचं ते तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी गोडी कर, मग परत ये, असं त्यात येशू सांगत होता. मी वाचलं आणि गुपचूप बाच्या तोंडाकडं बघितलं.

"फुडचं वाच," बा म्हणाला.

"फुडचंबी तसंच हाय."

"भाऊ म्हणलंय का चुलत भाऊ?"

"भाऊ."

"बराबर. फुलसिंग चुलत हाय." आणि तो बैलांना वैरण टाकायला उठून गेला.

पण त्याला चैन पडेना. होळीनंतरच्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा ठरला होता. शिष्य व्हायचं तर चारचौघांसमोर पाण्यात बुडून निघायचं असतं, आणि त्यासाठी कयाधू नदीचा डोह नक्की झाला होता. पुढच्या बाजारी त्यानं पास्टरांना गाठलं. मी बरोबर होते.

"एवढं सोडून दुसरं काहीबी सांगा," बा म्हणाला. "चाळीस दिवस उपास सांगा. डोंगर फोडाय सांगा."

पास्टर पंपाचा वायसर घासत होते. "म्या काही सांगितलंच न्हाई. पोरीनं वाचलं तेवढंच हाय."

"पाणी पिलो तर कारभारीपण जातंय."

"जातंय की."

"आजाचं हाय ते."

"व्हय. लई जड जाईल तुमाला," पास्टर म्हणाले आणि पुन्हा वायसर घासायला लागले. एखादा गोड शब्द बोलतील, काहीतरी वाट काढून देतील, असं मला वाटत होतं. त्यांनी काही दिलं नाही. मला त्यांचा असा राग आला की त्यांनी हातावर ठेवलेले फुटाणे मी परत केले.

बानं मग आपल्याच पळवाटा काढल्या. मला काकाकडं धाडलं. "सांग त्याला, म्या माफ केलं." काका अंगणात दोर वळत बसला होता. तो म्हणाला, "म्या माफी मागितली कवा?" मी तशीच परत आले. दुसऱ्या दिवशी बानं गुळाची भेली पाठवली. काकानं ती न फोडता परत केली आणि वर आपल्या मळ्यातली टोपलीभर वांगी पाठवली, म्हणजे कोणी कोणाला कमी समजायला नको. याडीनं ती वांगी म्हशीला घातली.

खरी अडचण याडीची होती. काका राहिला त्याच्या घरी, याडी आमच्या चुलीपाशी. एक दिवस भाकरी थापता थापता ती बोललीच.

"दारू सुटली तवा म्या समद्या देवांचे पाय धरले. तुमच्या येशूचेबी धरले. पण कारभारीपण तुमच्या एकट्याचं न्हाई. मला या घरात आणलं तवा लोक म्हणाले, पोरगी कारभाऱ्याच्या घरी चालली. माझ्या बापानं तेवढ्यावर पोरगी दिली. उद्या फुलसिंगाची बायको ओवाळाय माझ्या आधी उभी राहील. काहून म्हणून?"

"तुझंबी जातंय, व्हय," बा हळूच म्हणाला. "म्हणून तर इचारून राहिलो."

"इचारून राहिले का सांगून राहिले?"

बा पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसाच बसला. मला याडीचं पटत होतं. देवाला वाहायचं ते आपल्या ताटातलं वाहावं, बायकोच्या ताटातलं उचलून का वाहावं? कुणी आज विचारलं तरी मी याडीच्याच बाजूनं बोलेन.

नव्याण्णव सालच्या होळीला फुलसिंगकाकाच्या घरी नातवाची धुंड होती. वर्षभरात मुलगा जन्मला की त्याचा हा सोहळा आमच्यात धुळवडीला होतो. अंगणात खुंट रोवून त्याला गोड पुऱ्यांचं भांडं बांधतात. बायका काठ्या घेऊन त्याच्याभोवती पहारा करतात आणि पुरुषांनी येऊन ते पळवायचं. काठ्या खऱ्याच असतात. वर्षभर मुकाट्यानं ऐकून घेतलेलं सगळं बायका त्या दिवशी काठीनं बोलून घेतात. पुरुष तर्र असतात, त्यामुळं त्यांना ते फारसं लागत नाही.

धुंड सगळ्या तांड्याची असते, म्हणून याडीही पहाऱ्याला होती, फक्त काकूच्या माठाकडं पाठ करून. मला त्या वर्षी पहिल्यांदा काठी मिळाली होती. शेवरीची, चांगली लवलवती.

डफडं वाजत होतं. पुरुष तीनदा येऊन, मार खाऊन, हसत परतले होते. चौथ्यांदा त्यांच्यातून बा पुढं आला. धुतलेलं धोतर, पांढरं पागोटं. पळत नव्हता, चालत होता. पंधरा वर्षांत त्यानं त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. बायकांना वाटलं, याचा काहीतरी डाव आहे. "भांडं सांभाळा गं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्याजणी त्याच्यावर तुटून पडल्या. पहिली काठी याडीची. ती खेळातली नव्हती. तो भांड्यासाठी आलेला नाही, हे त्या अंगणात फक्त तिला कळलं होतं. मीही दोन हाणल्या, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी तांड्यात न पिलेला पुरुष तो एकटाच, म्हणून मार सगळा त्यालाच लागला. पाठीवर, पोटऱ्यांवर, मनगटांवर. "आगं हळू, हळू गं बायांनो," म्हणत तो हसत होता आणि पुढं सरकत होता. भांडं त्याच्या हाताशी आलं. त्यानं तिकडं बघितलंही नाही. सरळ घराच्या उंबऱ्यापाशी गेला आणि तिथं खाली बसला.

"फुलसिंग," तो म्हणाला, "पाणी पाज."

डफडं थांबलं. काका नातवाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता. त्याची निम्मी दारू तिथंच उतरली.

"आण ध्यानात हाय न?"

"हाय. म्हणून तर मागून राहिलो."

"पिऊन आला का?"

"वास घे."

काकानं खरंच वाकून वास घेतला. मग नातवाला सुनेकडं दिलं आणि उभा राहिला. मला वाटलं, आता हा नाचणार. पण त्याचं तोंड पडलं होतं.

"न्हाई देत," तो म्हणाला. "असं आयतं मला नको. लोक म्हणतील, फुलसिंगला कारभारीपण भीक म्हणून मिळालं. उठ. घरी जाऊन पाणी पी."

असं काही होईल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माणूस हरायला आला, तर समोरचा त्याला हरूही देईना. बा उन्हात बसून राहिला. त्याचं मनगट सुजायला लागलं होतं.

"ते काळीज माझ्या हातानं पडलं, फुलसिंग," तो म्हणाला. "हिसका म्या दिला होता. पंधरा वर्सं मला ठावं हाय. आज तांड्यासमोर सांगून राहिलो. तू दे न दे, म्या हितंच बसतो."

नाईक उगाच पागोटं सारखं करत बसला, त्याला आपला दुसरा वाटा डोळ्यांदेखत जाताना दिसत असावा. मी काठी हातात धरून रडत होते. मला माझ्या बापाची लाज वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम वाटणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात याडी निघाली. काठी फेकली, ओढणी कमरेला खोचली आणि काकापुढं जाऊन उभी राहिली.

"भर तांड्यात माझ्या माणसाला उन्हात तहानलं ठेवतो व्हय? सरक!"

काका सरकला. याडी उंबरा ओलांडून आत गेली, काकूच्या माठात तांब्या बुडवून बाहेर आली. बाला द्यायच्या आधी तिनं तो आपल्याच तोंडाला लावला. सगळा तांडा बघत असताना ती घटाघटा पाणी प्यायली, अर्धा तांब्या, हनुवटीवरून धार ओघळेपर्यंत. मग उरलेलं बाच्या हातात दिलं.

"घ्या," ती म्हणाली. "माझं जे होतं ते म्या दिलं. तुमी न्हाई नेलं."

बा तो तांब्या दोन्ही हातांनी धरून रडायला लागला. रडत रडतच प्यायला, निम्मं सांडलं.

नाईक खाकरला. "फुलसिंग कारभारी," त्यानं जाहीर केलं आणि तो उठून डफडेवाल्यावर उगाच खेकसला, "वाजव की!" डफडं सुरू झालं. काका मात्र तसाच उभा होता.

"आता म्या भांडू कोणाशी रे?" तो बाला म्हणाला. "रोज सकाळी तुझ्या घराकडं बघून थुंकल्याबिगर मला च्या गोड लागत न्हाई."

"थुंकत जा की," बा म्हणाला. "म्या काय म्हणलो?"

काका हसला आणि मग सगळं अंगण हसलं. काकूनं हळद गरम करून आणली आणि ज्या बायकांनी बाला झोडपलं होतं त्यांनीच ती त्याच्या मनगटाला लावली. कारभारीपण गेलं ते कायमचं गेलं, पुन्हा आमच्या घरात आलं नाही. पुढं कित्येक वर्षं काकू ओवाळायला पहिली उभी राहिली की याडी माझा हात जोरात दाबायची. पण त्या धुळवडीला तिनं काकूच्या घरच्या सात पुऱ्या खाल्ल्या.

पाच दिवसांनी रविवार आला. पास्टर आणि हट्ट्याकडचे सात-आठ विश्वासी, म्हणजे येशूला मानणारे, जीपनं आले. तांड्यातली निम्मी माणसंही गंमत बघायला नदीवर आली. मार्च नुकताच लागला होता, पण कयाधू आटत चालली होती. डोह म्हणायचा तो जेमतेम मांडीभर. पास्टर हडकुळे, बा आडदांड, त्याच्या उघड्या पाठीवर अजून काठ्यांचे निळे वळ. पाण्यात उतरायच्या आधी त्यानं पागोटं काढलं आणि कुठं ठेवावं म्हणून तो इकडं तिकडं बघायला लागला, कारण आमच्यात पागोटं जमिनीवर ठेवत नाहीत. काका काठावर उभा होता. त्यानं हात पुढं केला आणि ते घेतलं.

पास्टरांनी प्रार्थना केली, बाला काय विचारायचं ते विचारलं, बानं काय सांगायचं ते मोठ्यानं सांगितलं. मग पास्टरांनी त्याला पाठीमागं पाण्यात वाकवलं. पोट वर राहिलं, तोंड वर राहिलं. पास्टरांना त्याचं वजन पेलेना आणि बा परत उभा राहिला. बायकांत हशा पिकला. याडी सगळ्यात जास्त हसत होती.

"ओ पास्टर!" काका काठावरून ओरडला. "कपाळ कोरडं हाय त्याचं! असं चालतं व्हय तुमच्यात?"

पास्टरांना धाप लागली होती. "पुरं बुडाय पायजे खरं तर."

"मग बराबर बुडवा की! माझ्या भावाचं काम हाय, अर्धवट चालायचं न्हाई."

आणि तो वहाणांसकट पाण्यात शिरला. हात मोकळे असावेत म्हणून बाचं पागोटं त्यानं आपल्या पागोट्यावरच चढवलं होतं, दोन मजली. "म्या तुमच्या येशूचा न्हाई," तो पास्टरांना म्हणाला, "देवीचाच हाय. पण याचं डोकं पाण्यात दाबायची माझी पंधरा वर्सांची इच्छा हाय."

पास्टर इतके हसले की त्यांना परत शब्द म्हणायला वेळ लागला. बाप्तिस्म्याचे शब्द त्यांनीच म्हटले, पाठही त्यांनीच धरली. खांदे काकानं धरले. ह्या खेपेला बा सगळा खाली गेला, केसांची बटही वर दिसेना, आणि काठावरचं हसू थांबलं. मग तो उसळून वर आला, खोकत, नाकातोंडातून पाणी टाकत, डोळे मिटलेले, आणि धरायला काहीतरी शोधणारा त्याचा हात काकाच्या गळ्यात पडला.

काकानं तो काढला नाही. त्यालाच घट्ट धरून विचारलं, "बुडाला का रे बराबर?"

"बुडालो," बा म्हणाला. तो लहान लेकरासारखा हसत होता. "काहीच कोरडं उरलं न्हाई."